सपाट जमिनीवरचं वळण

फोन आला तेव्हा तो बसच्या रांगेत उभा होता आणि पुढच्या माणसाच्या मानेवरचा तीळ बघत होता. रोज सकाळी हाच माणूस पुढे असायचा, म्हणजे तीळही रोजचाच. दोघांची ओळख नव्हती, पण तिळाशी त्याचे संबंध चांगले होते. नंबर अनोळखी होता. त्याने फोन कानाला लावला आणि पलीकडून एक बाई, मधे नदी असावी आणि ती ओलांडून बोलावं लागावं अशा आवाजात म्हणाली, "गिरणीवाली बोलते. ओळखलंस का?"

ओळखायला त्याला एक क्षण लागला आणि त्या एका क्षणाची त्याला लगेच लाज वाटली. "मावशी?"

"मावशीच. अजून आहे. ऐक, इथे खुंट्या लागल्यात. आपल्या वळणापाशी. लाल तोंडाच्या. वळण काढून रस्ता सरळ करणार म्हणतात. म्हटलं, तू त्या खात्यात मोठा झालायस, तर तुझ्या कानावर—"

तेवढ्यात बस आली. रांग रांग राहिली नाही, तिचा गठ्ठा झाला. पायरीवर एक पाय, बरगडीत कुणाच्या तरी डब्याचं झाकण, अशा अवस्थेत तो म्हणाला, "मावशी, काळजीच करू नका. आज दुपारीच बैठक आहे. त्या वळणाला मी हात लावू देत नाही."

"अरे, पण ऐकशील तर—"

"माझ्यावर सोडा," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. आपण हे फारच छान म्हटलं, असं त्याला वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्यावर कुणी काही सोडलं नव्हतं. बायको गॅसची नोंदणीसुद्धा त्याच्यावर सोडत नसे.

खिडकीजवळची जागा मिळाली. म्हणजे तीळवाला आधी उतरला आणि मिळाली. बाहेर शहर नेहमीच्या क्रमाने मागे जात होतं, औषधांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, पुन्हा औषधांचं दुकान. ज्या खात्यात तो होता, त्याचं काम वळणं काढणं हे होतं. गावोगावच्या जुन्या रस्त्यांची विनाकारण वळणं शोधायची, ती सरळ करायची, आणि मग लोक सरळ रस्त्यावरून वेगाने जाऊन पुढच्या वळणावर आपटले की तेही सरळ करायचं. कचेरीत त्याला 'सरळसाहेब' म्हणत, प्रेमाने, निदान तोंडावर तरी प्रेमाने. आज दुपारच्या बैठकीत ज्या वळणांचा निकाल लागणार होता, त्यांत तेही एक होतं, आणि हे मावशीने कळवण्याआधीच त्याला ठाऊक होतं. गेले काही आठवडे तो विषय डोक्यात आला की तो कानामागे टाकत होता. कान दोनच आणि विषय एकच, म्हणून आतापर्यंत निभावलं होतं.

ते वळण म्हणजे त्याने आयुष्यात केलेली एकमेव गोष्ट होती. बाकी सगळं त्याने काढून टाकलं होतं.

त्या वेळी तो कोवळा होता, छत्री आणि टोपी दोन्ही एकदम वापरायचा. दोन गावांमधला रस्ता नव्याने करायचा होता आणि तिकडे जायला खात्यात कुणी तयार नव्हतं. एक गाव चढावर, एक खाली, मधे सपाट माळ. तिथे बरीच वर्षं जे चाललं होतं, ज्यात माणसं गेली, गुरं गेली, शाळेचं छप्पर गेलं, त्याला तिथले लोक 'गडबड' म्हणत. गडबडीच्या आधी, गडबडीत, गडबडीनंतर. वारा पडल्याची गोष्ट सांगावी तसं सांगत. समोरच्यांच्या गाड्या येऊ नयेत म्हणून दोन्ही गावांनी आपापल्या बाजूने रस्ता खणून ठेवला होता, आणि इतक्या निगुतीने, की असा कसून बिघडवलेला रस्ता त्याने पुढे कुठेच पाहिला नाही. खड्ड्याखड्ड्याला विचार होता. मग वर कुठेतरी समेट झाला, सह्या झाल्या, माळावर पेरलेलं मरण, म्हणजे सुरुंग, माहीतगार लोकांनी उपसून नेलं, जागोजाग चुना लावलेले दगड उरले, आणि ठरलं की रस्ता या दोन गावांच्याच लोकांनी करायचा. यंत्रं आणायची नाहीत. रोजची मजुरी रोज संध्याकाळी हातात. काम मिळालं की लोक आपोआप जवळ येतील, असं ठरवणाऱ्यांचं म्हणणं होतं. ठरवणारे स्वतः बरेच लांब राहत.

त्याला राहायला बियाणं साठवायची जुनी खोली मिळाली. तिला एकच खिडकी होती आणि ती आतल्या बाजूला उघडायची, म्हणजे खिडकी उघडली की कॉट ढकलावी लागे. भिंतीला कान लावला तर आत अजून काहीतरी उगवतंय असं वाटायचं. उंदीर होते. सकाळी उठला की पहिल्यांदा दगड फोडल्याचा आवाज, मग ओल्या गोणपाटाचा वास, मग तापलेल्या धुळीचा. बसमध्ये आत्ता शेजारच्या बाईच्या पिशवीतून रॉकेलसारखा काहीतरी वास येत होता, तरी त्याच्या नाकात ते गोणपाटच आलं. नाकाचं असंच असतं, ते कुणाचं ऐकत नाही. खालच्या गावाच्या टोळीची मुकादम म्हणजे ही मावशी, तेव्हा चाळिशीची, कमरेला पदर खोचून फिरणारी, कुणालाही 'मेल्या' म्हणताना ज्याच्या त्याच्या वयाचा मान राखून म्हणणारी. वरच्या गावाचा मुकादम एक मिशीवाला. त्याचं खरं नाव मजुरी देताना पुकारलं की तो स्वतःच मागे वळून बघायचा, इतका तो 'मिशी' झाला होता. दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत होतं. कुणाचा कोण कधी गेला, हे तर होतंच. दोघं एकमेकांशी बोलत नसत. वरची टोळी वरून काम करत खाली येई, खालची खालून वर. त्याने एकदा सुचवून बघितलं की टोळ्या मिसळूया. त्यावर मावशी म्हणाली, "मेल्या, आधी दुधात दूध मिसळून बघ, मग आमच्याकडे ये." याचा अर्थ त्याला अजून लागला नव्हता, पण तेव्हा त्याने मान डोलावली होती.

माळावर खुंट्यांची एक ओळ मारलेली होती. रस्ता त्या ओळीवर बसवायचा, ओळ रस्त्याच्या बरोबर मध्यातून जाईल असा, हे मोजणीदाराने सांगितलं आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. पण त्या मुलखात नांगर धरणाऱ्या माणसाची एक सवय होती, लहानपणापासून हाडात भिनलेली. हद्दीची खूण कायम डाव्या हाताला ठेवायची आणि तिच्या उजवीकडे आपलं काम करायचं. तसं केलं की आपण दुसऱ्याच्या जमिनीत जात नाही. ही रीत वरच्या गावाची होती आणि खालच्या गावाचीही होती. वरून येणाऱ्यांनी खुंटी डाव्या हाताला ठेवली. खालून जाणाऱ्यांनीही खुंटी डाव्या हाताला ठेवली. तोंडं एकमेकांकडे होती. तेव्हा एकाचा रस्ता खुंट्यांच्या या अंगाला आणि दुसऱ्याचा त्या अंगाला. तो त्या आठवड्यात तापाने फणफणून खोलीत पडला होता आणि खिडकीशी भांडत होता. उठून माळावर आला तेव्हा दोन्ही रस्ते एकमेकांपर्यंत पोचले होते, आणि पोचून थांबले नव्हते. ते एकमेकांच्या शेजारून पुढे चालले होते. वरची टोळी खालच्या गावाकडे खडी टाकत निघाली होती, खालची वरच्या गावाकडे, मधे फक्त खुंट्यांची ओळ. एकाचं टोपलं रिकामं होताना दुसऱ्याच्या पायावर धूळ उडत होती. आणि कुणी काही बोलत नव्हतं. कारण बोलायचं म्हणजे आधी कुणीतरी बोलायला हवं होतं. त्याला वाटलं, आपला ताप उतरलेला नाही. त्याने टोपी काढली, छत्री मिटली, पुन्हा पाहिलं. दृश्य तसंच होतं. आपण अजून दोन दिवस आजारी राहिलो असतो तर दोन गावांना दोन रस्ते मिळाले असते, एक जायचा आणि एक परतायचा, असा विचार त्याच्या मनात आला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो वाईट नव्हता.

चूक कुणाची, हे ठरेना. मिशीवाला म्हणे, आमच्या बापजाद्यांपासून खूण डावीकडे. मावशी त्याच्याकडे न बघता, माळाकडे बघून म्हणे, आमच्याही. दोघंही बरोबर होते आणि रस्ते दोन झाले होते. पहिल्यांदा त्याला तिथे लख्ख दिसलं, की ही माणसं वेगळी असती तर रस्ता जुळला असता. ती इतकी सारखी होती म्हणून चुकला. कुणीही आपला तुकडा उखडायला तयार नव्हतं. तुकडा त्यांच्या घामाचा होता आणि मजुरी तर आधीच्या संध्याकाळीच खर्च झाली होती. शेवटी एकच तोड निघाली, एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाणारं वळण घालायचं, सपाट माळावर, आकाशाखाली, कुठल्याही कारणाशिवाय. आणि वळण घालायचं तर दोन्ही टोळ्यांना एकाच जागी उभं राहणं भाग होतं. खडी दाबायचा दगडी रोळ एकच होता. तो खालच्यांकडे होता. मिशीवाला बराच वेळ आपल्या अंगाला उभा राहिला, मिशी चावली, आणि माळाला उद्देशून म्हणाला, "रोळ लागेल." मावशी म्हणाली, "या मग घ्यायला. तो काय चालत येणार आहे?" वरच्या टोळीतलं कुणीतरी हसलं. मग खालचंही कुणीतरी हसलं. नेमकं कोण हसलं हे धुळीत कळलं नाही. संध्याकाळपर्यंत ते सगळे मिळून एकच रोळ ओढत होते आणि तो छत्री घेऊन बाजूने पळत, "इकडे, अजून इकडे," असं सांगत होता, ज्याची कुणालाच गरज नव्हती. पुढे त्या वळणावर गाड्या हळू होऊ लागल्या, हळू झाल्या म्हणून थांबू लागल्या, थांबल्या म्हणून चहा आला, पंक्चरवाला आला, आणि मावशीने दोन्ही गावच्या बायकांकडून मजुरीतलं साठवलेलं गोळा करून तिथेच पिठाची गिरणी टाकली. बदली होऊन तो निघाला तेव्हा गिरणीचा पहिला पट्टा चढत होता. मिशीवाला पट्टा उलटा लावतोय असं मावशी म्हणत होती आणि मिशीवाला तो उलटाच लावत होता.

हे सगळं आठवताना त्याचा थांबा मागे गेला होता. तो पुढच्या थांब्यावर उतरून उलटा चालत आला.

बैठकीची खोली नेहमीसारखी थंड होती, माणसं आंबू नयेत म्हणून ठेवतात तशी. नव्याने लागलेल्या इंजिनीअर मुलीने भिंतीवर नकाशा दाखवला. "हे बघा. इथे टेकडी नाही. ओढा नाही. झाड नाही. रस्ता सरळ येतो, अचानक बाजूला सरकतो आणि परत सरळ जातो. कुणाला तरी चुकवल्यासारखा." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "मला याचं कारण सापडलेलं नाही. मी काढून टाकायची शिफारस करते."

मोठे साहेब त्याच्याकडे वळले. "सरळसाहेब, तुम्ही होता ना तिकडे? काही कारण आहे का?"

खरं सांगावं तर ते कारण नव्हतं, चूक होती, आणि चूक काढून टाकायलाच तर हे खातं होतं. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "दलदल आहे, साहेब."

"दलदल?" मुलगी म्हणाली. "पण मातीच्या तपासणीत तर कोरडा मुरूम लागलाय."

"सुप्त आहे," तो म्हणाला.

सुप्त म्हटल्यावर कुणालाच काही म्हणता येईना. मोठ्या साहेबांनी तो शब्द दोनदा स्वतःशी घोळवला आणि त्यांना तो आवडला. "सुप्त दलदल. असते हो अशी. वळण राहू द्या." मुलीने त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाकडे पोरं बघतात तसं, रागाने नाही, नोंद घेतल्यासारखं. त्याने नजर नकाशाकडे वळवली. वळण तिथे होतं, नखाएवढं, आणि त्याला इतका आनंद झाला की तो त्याने खोकल्यात दडवला.

कचेरी सुटल्यावर तो थांब्यावरच्या बाकावर बसला आणि फोन लावला. मागे गिरणीचा घरघराट होता. "मावशी, झालं काम. वळण राहिलं."

पलीकडे गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. पट्टा सुटत सुटत थांबला. "राहिलं म्हणजे?"

"म्हणजे काढत नाहीत. मी अडवलं."

"कुणी सांगितलं तुला अडवायला?"

बाकाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस शेंगा सोलत होता, तो जणू थांबला.

"मी सकाळी तेच सांगत होते तर तू ऐकून घेतलंस का? बस काय, पुढची आली नसती?" मावशीचा आवाज चढला नव्हता, तो खाली गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "लांब ट्रक वळत नाहीत रे इथे. मागच्या महिन्यात एक मक्याचा घुसला, थेट माझ्या दारात आडवा. तेव्हापासून सगळ्या मोठ्या गाड्या खालच्याच गावातून परत जातात. खालच्यांचा माल उचलतात. वरच्यांचा पडून सडतो. आता वरचे म्हणायला लागलेत, खालच्यांनीच कचेरीत कुणालातरी सांगून वळण ठेवलंय. परवा पोरांपोरांत दगड चालले. आपल्याच खडीतले."

मागून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला. "त्याला सांग, आम्ही काही म्हणत नाही. आमचा कांदा म्हणतोय."

"सांगते ना, तू पट्टा धर. हा मिशी. मिशी गेली सगळी, नाव राहिलंय."

"आणि विचार त्याला, कुणी सांगून ठेवलं म्हणून."

त्याला मावशीची अडचण कळली. वळण खालच्यांनी ठेवून घेतलं का, याला सकाळपर्यंत तिला शपथ घेऊन नाही म्हणता येत होतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "वळण तुमचं आहे. तिथेच तर तुम्ही सगळे पहिल्यांदा..." त्याला पुढचं वाक्य मिळेना. जे मिळत होतं ते निरोप समारंभातल्या भाषणासारखं होतं. "एक रोळ ओढला होतात."

"ओढला की. खांदा अजून दुखतो." ती हसली नाही. "तुला तो दिवस आठवतो, बाळा. तू गिरणीचा पट्टा चढेपर्यंत होतास, मग गेलास. आम्हाला त्याच्या आधीचंही सगळं आठवतं. नातवंडं विचारतात, आजी, रस्ता इथेच वाकडा का? मी म्हणते, वारा होता. काय सांगू? की तुझा आजा आणि वरच्या पोरांचा आजा शेजारून खडी टाकत गेले पण तोंड उघडलं नाही म्हणून? ते रोज दारात बघायचं मला हौस नाही."

त्याच्यासमोरून त्याची बस आली आणि गेली. त्याला वाटत होतं, त्याने इतकी वर्षं एक चांगली गोष्ट जपून ठेवली होती, रुमालात बांधून, आणि आज ती उघडली तर आत दुसऱ्याचीच वस्तू निघाली होती. त्या माळावर त्याला सगळ्यात जास्त काय आवडलं होतं? तो स्वतः. छत्री घेऊन बाजूने पळणारा. हे लक्षात आल्यावर त्याला हसू आलं, आणि हसू आल्यावर थोडं बरं वाटलं, पण अगदी थोडं.

"मग काय करू, मावशी?"

"वळण काढ. आणि यंत्र आणू देऊ नकोस. तेवढा तुकडा आम्ही करतो, दोन्हीकडची पोरं. दगड मारायला हात आहेत, म्हणजे फोडायलाही आहेत. मजुरी संध्याकाळी हातात. आणि टोकांकडून नाही. मधून सुरू करायचं, पाठीला पाठ लावून."

"पाठीला पाठ लावली तर पुन्हा डावं-उजवं होईल," मागून मिशीवाला म्हणाला.

"नाही होणार, तुझी अक्कल मधे आली नाही तर."

"सुतळी बांधा म्हणाव त्याला. खुंटी नको. दोन्ही कडांना सुतळी."

"तो काय बांधणार आहे? तो शहरात आहे. आपण बांधू." मग पुन्हा फोनमध्ये, "ऐकतोयस ना? की आली बस?"

"गेली," तो म्हणाला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "सुप्त दलदल?" आणि उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून बराच वेळ हसली. मग म्हणाली, "उद्या जाऊन खरं सांग. फार तर हसतील." तो म्हणाला, नोकरी वळणं शोधायची आणि कबूल करायचं काय, की एक लपवलं. ती म्हणाली, "अरे, तिकडे पोरं दगड घेऊन उभी आहेत." आणि एक घडी त्याच्या हातात दिली, म्हणजे विषय संपला.

सकाळी तो सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. नवी मुलगी तिथेच होती, आणि त्याला ते बरं वाटलं. सांगायचंच तर एकदाच सांगून व्हावं.

"साहेब, दलदल नाही."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. "अजिबात नाही?"

"अजिबात."

"सुप्तसुद्धा नाही?" त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं.

"नाही, साहेब. मी खोटं बोललो. वळण राहावं असं मला वाटत होतं. काढायला हवं. त्यापायी तिकडे पुन्हा गडबड व्हायची वेळ आली आहे. काम यंत्राने नको, त्या दोन गावांनाच द्यायला हवं, एकत्र. आणि माझ्यावर जी काही कारवाई करायची असेल, ती करा, पण त्याआधी सुतळी मंजूर करा."

"सुतळी," मोठे साहेब म्हणाले. "थांबा. मग ते वळण मुळात आलं कशामुळे?"

त्याने टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या. एक आपल्या बाजूने, एक त्यांच्या बाजूने, मधे पट्टी. "ही पट्टी म्हणजे खूण. तुम्ही ती तुमच्या डाव्या हाताला ठेवा. मी माझ्या." दोघांनी पेन्सिली पुढे सरकवल्या. पेन्सिली पट्टीच्या दोन अंगांनी आल्या, एकमेकींना भेटल्या नाहीत, शेजारून पुढे गेल्या. साहेबांची त्याच्या पोटाला टेकली आणि त्याची साहेबांच्या चहाच्या कपाला.

"अरे," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी ते पुन्हा करून बघितलं. मुलगी टेबलाजवळ सरकली आणि वाकून बघू लागली. "म्हणजे दोघंही बरोबर. पण मधे दिसलं असेल ना त्यांना? शेजारून चाललोय म्हणून? कुणी काही बोललं नाही?"

"त्या काळात ते एकमेकांशी बोलत नव्हते, साहेब."

"आणि आता?"

त्याला कालचा घरघराट ऐकू आला, थांबत गेलेला पट्टा, आणि त्यावरून एकमेकांना तोडत चाललेले दोन म्हातारे आवाज.

"आता भांडतात, साहेब," तो म्हणाला. "एकाच फोनवर."